रॉक-मेटलच्या भूमिगत गल्लीत तुम्ही कुठून शिरलात?

शेवटची_कर्जत (धागाकर्ता)

आमच्या डोंबिवलीत नव्वदीच्या मध्यात इंग्रजी गाणी ऐकणारा मुलगा एकतर कॉन्व्हेंटमधला असायचा, नाहीतर शिष्ट समजला जायचा. मी दोन्ही नव्हतो. शाळा मराठी माध्यमाची. घरात सकाळी आकाशवाणी, रात्री बाबांचे वसंतराव देशपांडे. पुढे माटुंग्याला कॉलेजात गेलो तेव्हा कळलं की कँटीनमध्ये आपली जागा कुठली हे गाण्यांवरून ठरतं. पोरं-पोरी अमेरिकन पॉप म्हणायच्या, तेही उच्चारांसकट. मी नुसते ओठ हलवायचो. गाणं आवडायचं नाही असं नव्हतं, पण त्यातले शब्द स्पष्ट ऐकू यायचे आणि कळायचे नाहीत, त्यामुळे प्रत्येक गाणं तोंडी परीक्षेसारखं वाटायचं.

मग मेटल (रॉकचा सगळ्यात जड, कर्कश प्रकार) आलं, आणि तिथे शब्द कोणालाच कळत नव्हते!

माझा या धाग्यातला मुद्दा एवढाच आहे. मेटलमध्ये बंड आहे, राग आहे, तारुण्याची रग आहे वगैरे सगळे लिहितात. असेल. मला मात्र तिथे पहिल्यांदा इंग्रजी न येण्याची लाज वाटली नाही. तो गायक घशाच्या तळातून जे काय काढायचा ते बांद्र्याच्या पोरालाही तितकंच अगम्य होतं जितकं मला. पुढचं सगळं कानावर आणि मानेवर अवलंबून.

दार उघडलं ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका दादाने. त्याच्याकडे दोन खणांचा डेक होता, आणि तो कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचा. कॅसेट आपली, मेहनत त्याची, आणि अट एकच: परत येताना दुसरी काहीतरी ऐकवायला आण. माझ्याकडे आणण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी एकदा कुमार गंधर्व नेले. तो ‘बरंय’ म्हणाला आणि आठवडाभर परत दिले नाहीत.

त्याने दिलेल्या पहिल्या कॅसेटच्या ए बाजूला मेटॅलिका या अमेरिकन बँडचा १९८६ चा अल्बम होता. तो जवळपास ५५ मिनिटांचा, बाजू ४५ मिनिटांची. त्यामुळे सातवं गाणं, ज्यात शब्दच नाहीत, ते अर्ध्यावर तुटायचं. तेही नेमकं कुठे, तर धडधड थांबून बास गिटार एकटं उरतं आणि चाल संथ होते तिथे. खट्ट. आठवं गाणं अस्तित्वात आहे हे मला फार उशिरा कळलं. पुढे कधीतरी ते सातवं गाणं पूर्ण ऐकलं आणि मग समजलं की तो मधला भाग त्यांचा बासवादक क्लिफ बर्टनचा जीव की प्राण होता. तो माणूस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला. २४ वर्षांचा होता.

बी बाजूला सेपल्टुरा. ही मंडळी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते नावाच्या शहरातली, १९८४ मध्ये एकत्र आलेली. दादाने सांगितलेला एक किस्सा नंतर मी मासिकातही वाचला. त्यांचा गायक मॅक्स कॅव्हलेरा मोटरहेड या बँडच्या एका गाण्याचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करत बसला होता, त्यात ‘थडगं’ हा शब्द आला, आणि तेच बँडचं नाव झालं. मला एकदम बरं वाटलं. म्हणजे तिकडेही कोणीतरी वही-पेन घेऊन, शब्द लावत लावत हे ऐकत होतं. लंडन-न्यूयॉर्कला विचारल्याशिवाय हे वाजवता येतं, याचा तो पुरावा होता.

मग रंगभवन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: धोबीतलावला झेवियर्सच्या शेजारी उघडं नाट्यगृह, डोक्यावर आभाळ. तिथे १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. आम्ही त्याला ‘आय-रॉक’ म्हणायचो. ऑगस्ट असल्याने पाऊस हा ठरलेला पाहुणा. काळे टीशर्ट भिजून अंगाला चिकटलेले, बुटांत पाणी, आणि स्टेजवर कोणीतरी प्लग वाचवायला ताडपत्री धरून उभं. पेंटाग्राम, ब्रह्मा, झीरो ही बँडांची नावं मला तिथे कळली. इंडस क्रीडचे (आधीचं नाव रॉक मशीन) गिटारवादक महेश तिनईकर. हे आडनाव वाचून मला आधी महापालिका आयुक्त आठवले होते. पण हेही खरं की ते नाव वाचून छाती फुगली. आपल्यातलंही कोणी तिथे आहे तर.

मात्र उगाच गुलाबी रंग देत नाही. गर्दीत कोणी कोणाला कॉलेज विचारत नव्हतं, पण माईकवरचं बोलणं सगळं इंग्रजीत. कोणाच्या हातात परदेशातून काकाने आणलेली गिटार, आणि आम्ही चौघांत मिळून एक देशी गिव्हसन गिटार, तिचीही मान वाकलेली. जेर महालातल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहणं हा आमचा रविवारचा कार्यक्रम. ऐकणाऱ्यांत समता होती, वाजवणाऱ्यांत नव्हती. तरी मी म्हणेन की ऐकण्यापुरती जी मिळाली ती मला दुसरीकडे कुठेही मिळाली नाही.

तर मंडळी, तुम्ही कुठून शिरलात? कोणी हात धरून नेलं? आणि इंग्रजीचं जे मी म्हणतोय ते तुम्हालाही जाणवलं का, की माझ्याच डोक्यातलं आहे?

---

लकडीपूल

धागा आवडला. पण मेटॅलिका ‘भूमिगत’? त्यांच्या कॅसेटा तर आमच्या इथे भांडी विकणाऱ्याच्या दुकानातही लटकायच्या. बाकी चालू द्या.

---

खर्जातला

@लकडीपूल, दार कुठलं आणि घर कुठलं यात फरक करा की. बहुतेकांचं दार मेटॅलिका किंवा आयर्न मेडनच असतं.

मी बारा गावचं वाजवलंय (लग्नातही), म्हणून जरा स्वरांबद्दल लिहितो. मी घरी पेटी ऐकत वाढलो. पहिल्यांदा मेटल ऐकलं तेव्हा वाटलं, हे लोक सा आणि प एवढंच का वाजवतात? नंतर स्वतः गिटार घेतल्यावर कारण कळलं. ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यात गंधारच नसतो, फक्त षड्ज-पंचम. तंबोऱ्यातली जोडी! डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलं की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे स्वर तयार होतात. सा-प चं प्रमाण २:३, त्यामुळे वजाबाकीतून येतो १, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. न वाजवता खर्ज मिळतो. म्हणून ते एवढं भरीव वाटतं.

आता गंधार घाला. गिटारचे पडदे बारा समान भागांत वाटलेले असतात. त्यात पंचम जवळपास शुद्ध लागतो, पण गंधार चांगला चढा. साध्या आवाजात कान तो माफ करतो. डिस्टॉर्शनमध्ये त्याची बेरीज-वजाबाकीही बेसूर येते आणि नुसता चिखल होतो. पेटीच्या गंधारावर नाक मुरडणारे आपले बुजुर्ग याच कारणाने नाक मुरडतात.

या सगळ्याची सुरुवात ज्याच्यापासून मानतात तो ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय १७, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्याने तोच हात तारा दाबायचा. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या अल्बमात गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, म्हणजे तारा सैल आणि दाबायला सोप्या. आज जगभरचे बँड हौसेने खाली उतरवून वाजवतात, पण मूळ कारण कामगाराचं दुखणारं बोट आहे.

धागाकर्त्याच्या इंग्रजीच्या मुद्द्याबद्दल: मला तो प्रश्नच आला नाही. मी शब्द ऐकतच नाही, कुठल्याच भाषेत. बायको यावर वेगळा धागा काढेल.

---

वडाळा_ईस्ट

खर्जातला, षड्ज-पंचमाचा प्रतिसाद जबरदस्त.

पण धागाकर्त्याशी माझं पटत नाही. शब्द कळत नाहीत म्हणून सगळे सारखे, हे ज्यांना शब्दांवाचून चालतं त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्याकडे शब्दांसाठीच गाणं होतं. रेडिओवर न लागणारं, दुकानात न मिळणारं, हातोहात फिरणारं संगीत मी मेटलच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात कॅसेटांचे ठेले लागायचे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आणि कितीतरी गायक ज्यांचं नाव फक्त त्या कव्हरवर छापलेलं. सोबत दोन-चार पानी गाण्यांच्या पुस्तिका. वडील दर वर्षी एक-दोन घ्यायचे, आणि मग ती कॅसेट आख्ख्या चाळीत फिरून ताणलेली परत यायची. तुमच्या दादाचा डेक आणि आमच्या चाळीतला डेक एकच काम करत होते. फक्त तुमच्याकडे त्याला कोणी ‘सीन’ म्हणणारं मासिक होतं.

कॉलेजात एकाने रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा १९९२ चा पहिला अल्बम दिला. कव्हरवर स्वतःला पेटवून घेतलेला बौद्ध भिक्खू, व्हिएतनाममधलं सायगॉन, १९६३. मी आधी ते चित्र घरी नेऊन आईला दाखवलं, गाणी नंतर ऐकली. आणि त्यातला शब्द न् शब्द मला कळावा म्हणून मी डिक्शनरी घेऊन बसलो. गाणारा माणूस पोलिसांबद्दल, शाळेच्या पुस्तकांतल्या खोट्या इतिहासाबद्दल बोलत होता. हे मला शाहिरांनी आधीच शिकवलं होतं, इथे फक्त गिटार होती. म्हणजे तुम्हाला जिथे शब्द नसल्याने मोकळं वाटलं, तिथे मला शब्द सापडल्याने.

रंगभवनला मीही दोनदा-तीनदा गेलोय. मजा आली. पण आपलं कोणी स्टेजवर आहे म्हणून छाती फुगवण्यासारखं मला तिथे आडनाव दिसलं नाही, एवढं नोंदवतो.

---

निशिगंधा_ठाणे

वडाळा_ईस्ट यांना +१. आता मुलींकडून कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

माझा काळ पुढचा, २००३ नंतरचा. कॅसेट नाही. सायबर कॅफेत तासावर पैसे भरून एक गाणं उतरवायचं, त्यातही फाइलचं नाव एक आणि आत भलतंच. हॉस्टेलच्या मैत्रिणीने एमपीथ्रीची सीडी दिली, तिच्यावर मार्करने ‘भजन’ लिहिलेलं, म्हणजे घरी कोणी हात लावणार नाही. तिच्यामुळे मला डेमॉनिक रेझरेक्शन कळलं. मुंबईचाच बँड, २००० साली सुरू झालेला. मग भयानक मौत. नाव ऐकून आजी म्हणाली, ‘असं वाईट का गं बोलतात?’

गर्दीत कोणी कॉलेज विचारत नव्हतं, खरंय. पण मला दर वेळी विचारायचे, ‘कोणाबरोबर आलीस?’ आणि टीशर्टवर बँडचं नाव असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘यांची पाच गाणी सांग.’ एकदाही मी कुठल्या मुलाला हा पेपर देताना पाहिलं नाही. मी पाचांऐवजी सालासकट सगळे अल्बम पाठ करून जायला लागले. आता हसू येतं, तेव्हा नव्हतं येत. आणि पुढे रेटारेटीत जाणं म्हणजे काय हे इथल्या बायकांना सांगायला नको. आम्ही तिघी-चौघी साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी उभ्या राहायचो. तिथे आवाज सगळ्यात चांगला असतो हा फायदा पोरांना कधी कळलाच नाही.

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन बांद्रा-कुर्ला संकुलात आले, त्यांच्या त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम. घरून अट: बाबा सोबत येणार. बाबा तबला शिकलेले. कानात कापूस घालून आले, आणि अर्ध्या तासाने कापूस काढला. परतताना रिक्षात म्हणाले, ‘तीन गिटारी असून एकमेकांच्या पायात येत नाहीत, हे अवघड आहे.’ मग मी सांगितलं की निको मॅकब्रेन पायाचा ड्रम एकाच पायाने वाजवतो, बाकीचे दोन पेडल लावतात. त्यावर ते एकदम गप्प. घरी आल्यावर आईला पहिलं वाक्य: ‘अगं, एका पायाने!’

---

जुना_गिरगावकर

तुम्ही सगळी नव्वदीची बाळं. आमच्या वेळी शनिवारी रात्री रेडिओवर ‘सॅटर्डे डेट’ लागायचं, त्यासाठी घरी ट्रान्झिस्टरवरून मारामारी. सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा असायची, सिगारेट कंपनीने भरवलेली. १९७० आणि ७१ च्या स्पर्धेतल्या बँडांच्या तबकड्याही निघाल्या, आज त्यांना परदेशातले संग्राहक वाट्टेल ती किंमत देतात. मुंबईचा अॅटॉमिक फॉरेस्ट आठवतोय का कोणाला?

१९७२ मध्ये लेड झेपेलिन बँडचे पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत वाजवलं. मी गेलो होतो का? नाही. गेलो होतो असं सांगणारे मला इतके भेटलेत की ते सगळे खरे असते तर त्यांना ब्रेबॉर्न स्टेडियम लागलं असतं.

इंग्रजीचं म्हणाल तर आमच्या चाळीतल्या बँडचा गायक प्रत्येक गाणं देवनागरीत लिहून घ्यायचा. अर्थ विचारला तर म्हणायचा, ‘आरतीचा तरी कुठे विचारतोस?’

रंगभवन बंद पाडलं ते कोणा राजकारण्याने, असं आमच्याकडे म्हणतात.

---

लकडीपूल

@जुना_गिरगावकर, राजकारणी नव्हे, कायदा. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जीटी रुग्णालयं. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. आणि फक्त रॉकचं नुकसान झालं असं नाही. १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ तिथेच भरायची.

(रुग्णाच्या बाजूने विचार केला तर निर्णय चुकीचा म्हणवत नाही. पर्यायी जागा द्यायला हवी होती, ती कोणी दिली नाही.)

---

रंकाळ्याचा_वारा

भावांनो, तुम्हाला रंगभवन तरी होतं. कोल्हापुरात आम्हाला महाद्वार रोडच्या एका कॅसेटवाल्याला चिठ्ठी द्यायला लागायची. तो मुंबईला माल आणायला गेला की आणणार. चिठ्ठीत लिहिलेलं एक, आणायचा दुसरंच, पण परत घ्यायचा नाही. अशा चुकांतून मी निम्मा मेटल शिकलो. नाद खुळा शिक्षण!

दुसरा आधार ‘रॉक स्ट्रीट जर्नल’. अमित सैगल यांनी १९९३ ला अलाहाबादेतून काढलेलं मासिक. दिल्ली-मुंबई नाही, अलाहाबाद, हे वाचूनच मला धीर आला होता. त्यात शिलाँगचे, केरळचे, बंगळूरचे बँड भेटायचे. मागच्या पानांवर पत्रमित्र. मी एका नागालँडच्या पोराशी पत्रं लिहायचो, दोघांचंही इंग्रजी भंगार, पण एकमेकांना कॅसेटा पाठवायचो. धागाकर्ते, तुमचा मुद्दा मला इथे पटतो. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्यात समुद्रात बुडून गेले, तेव्हा त्या पोराचाच मला मेसेज आला.

आणि गोव्याचं निघालंच आहे तर रेमो फर्नांडिस. १९८४ मध्ये शिवोलीला घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर स्वतः सगळी वाद्यं वाजवून अल्बम केला, आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानांत कॅसेट पोचवल्या. संगीत मेटल नसलं तरी हिंमत तीच.

---

शेवटची_कर्जत (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. निशिगंधा, साउंडवाल्याच्या टेबलाचं गुपित आता फोडलंत!

वडाळा_ईस्ट, तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात आहे. पटलं असं लगेच म्हणत नाही. शिवाजी पार्कच्या ठेल्यांचं तुम्ही लिहिलंत ते मला माहीत नव्हतं. दादरला सहा डिसेंबरला गाडी बदलताना आम्ही फक्त गर्दी बघायचो, आणि घरचे ‘त्या दिवशी जाऊ नकोस’ म्हणायचे. पण शब्दांतून सापडणं आणि शब्दांपासून सुटणं हे एकाच दुकानातले दोन माल असू शकतात ना? मला इंग्रजीपासून सुटायचं होतं. तुम्हाला सुटण्याआधी काही सांगायचं होतं. मेटलने मला सांगण्यासारखं काही दिलं का, याचं उत्तर बहुधा ‘नाही’ आहे. दिला तो फक्त आवाज. वीस वर्षांच्या मला तेवढा पुरला.

त्या ठेल्यांवरच्या कॅसेटा तुमच्याकडे अजून आहेत का? ऐकायला मिळतील?

---

वडाळा_ईस्ट

आहेत, साठ-सत्तर तरी. वडिलांनी ट्रंकेत ठेवल्यात. पण निम्म्यांचा आवाज बसलाय, काहींची पट्टी अडकते. मोबाइलमध्ये घ्यायच्या आहेत, कसं करावं कळत नाही. खर्जातला, तुमच्याकडे काही उपाय?

---

खर्जातला

आहे. क्रमाने सांगतो.

आधी वाजवू नका. प्रत्येक कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं चिकटलेली पट्टी सुटते. अडकणारी असेल तर कवच बदला: स्क्रू असलेली कोरी कॅसेट घ्या, तिची पट्टी काढून जुनी चाकं त्यात बसवा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, दर पाच-सहा कॅसेटांनंतर पुन्हा.

आवाज ‘बसलाय’ म्हणता ते बरेचदा पट्टीमुळे नसतं, हेडच्या कोनामुळे असतं. ज्या डेकवर भरलं त्याचा कोन वेगळा, तुमच्या डेकचा वेगळा. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून तो अगदी केसभर फिरवा. टाळ, झांज, ‘स’ चा उच्चार जिथे सगळ्यात लख्ख होईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला वेगळा लागेल. डॉल्बीचं बटण बंद ठेवा. घेताना मोबाइलच्या माईकवर नाही, वायरने कॉम्प्युटरमध्ये, वेव्ह फाइलमध्ये. एमपीथ्री नंतर करता येते, उलटं नाही होत.

आणि कव्हरचे, पुस्तिकांचे फोटो आधी काढा. गायकांची नावं दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत. माझ्याकडे चांगला डेक आहे, चेंबूरला असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी ट्रंक घेऊन या.